टाकी हा अर्धाच उपाय

वाहत्या पाण्याला दोष लागत नाही, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी नव्हे. नदीच्या पाण्यात हवेतील प्राणवायू विरघळलेला असतो. त्याच्या बळावर सूक्ष्मजंतू घाण पचवितात व काही अंतरावर प्रवाह पुष्कळसा निवळतो. परंतु प्राणवायूचा हा साठा फार तुटपुंजा असतो. आपल्या हवामानात १ लिटर स्वच्छ पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम असतो. उलट १ लिटर मैलापाणी पचावयास सुमारे २५० मिलिग्रॅम लागतो. म्हणजे एका लिटरापायी तीस लिटर पाण्याचा प्राणवायू खर्ची पडतो. हवेतून नवी भर पडते खरी, पण सावकाश. पावसाळ्यात नदी हा भार सोसते. वैशाखात धार बारीक झाली, की मासे मरून तरंगू लागतात. आणि वरच्या गावाने जेथे घाण सोडली, त्याच्याच खाली दुसऱ्या गावाचा पाणवठा असतो.

मोठ्या शहरांपाशी यंत्रे असतात, वीज असते. लहान गावाने काय करावे? १८९५ साली इंग्लंडातील एक्झेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन ह्या नगर-अभियंत्याने बंद टाकी बांधून तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. तीत निघणाऱ्या वायूवर दिवेही लावण्यात आले. पुढे दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात अशाच टाकीतील वायू साठवून उपयोगात आणला गेला. गावाबाहेर ठेवलेल्या ह्या वस्तीने मैल्यापासून इंधन मिळविले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तथापि टाकी झाली म्हणजे काम संपले, हा मात्र भ्रम होय. टाकीत गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी बाहेर पडते. हे पाणी दिसावयास बरे असले, तरी त्यात निम्म्याहून अधिक घाण व रोगजंतू शिल्लक असतात. हेच पाणी ठिकठिकाणी उघड्या गटारातून थेट ओढ्यास मिळते.

उरलेले काम खडीच्या वाफ्याने होऊ शकते. जर्मनीत केटे झायडेल ह्या विदुषीने १९५० नंतर पाणवनस्पतींवर ह्या दृष्टीने प्रयोग केले. तळ न झिरपणारा करून वाफ्यात खडी भरावी, वर देवनळासारखे गवत लावावे आणि पाणी खडीच्या आतूनच हळूहळू वाहू द्यावे. खडीवर वाढणारे जंतू घाण खातात; पाणी उघडे नसल्याने डासांस थारा मिळत नाही. उष्ण प्रदेशात माणशी १ ते २ चौरस मीटर जागा पुरते. पाचशे वस्तीचा वाफा फार तर दहा गुंठ्यांत मावेल. आणि जमिनीस उतार असल्यास वीजही लागणार नाही. दर दोन-तीन वर्षांनी टाकीतील गाळ उपसण्याची काळजी मात्र घ्यावीच लागते. ती न घेतल्यास गाळ वाफ्यात शिरतो आणि खडी तुंबते.

वाफ्यातून निघालेले पाणी पिण्याजोगे नसते. ते झाडांस द्यावे, कच्च्या खाण्याच्या भाजीस देऊ नये. जे उरेल तेवढेच नदीत जावे. नदीची पूजा घाटावर होते. तिचे रक्षण मात्र गावच्या गटाराच्या तोंडाशी करावयाचे असते.