चार युरोंचा पिझ्झा

खानावळीची कीर्ति चुलीपाशीं जन्मते. तिचा न्याय मात्र चव्हाट्यावर होतो. इटलींत २०२२ सालीं असाच वाद पेटला. फ्लावियो ब्रियातोरे या धनिकाच्या यशस्वी उपाहारगृहांत उंची स्पॅनिश हॅम घातलेला पिझ्झा ६५ युरोंना मिळे. किंमतीवर टीका होतांच त्यांनीं उलट विचारिलें, कीं चार-पांच युरोंना विकणारे त्यांत घालतात तरी काय?

पिझ्झाचें माहेर जें नेपल्स, तेथील भटाऱ्यांच्या हें जिव्हारीं लागलें. त्यांच्या कलेला युनेस्कोनें २०१७ सालीं मानवजातीच्या वारशांत गणिलें आहे; आणि केवळ स्वस्त म्हणून संशय! वस्तुतः पीठ, पाणी, मीठ, खमीर, टोमॅटो, चीज, थोडें तेल नि तुळशीच्या जातीचीं पानें, एवढाच मार्गेरीताचा संसार. तोही धगधगत्या भट्टींत दीड मिनिटांत भाजून निघतो. नफा एका पिझ्झावर नव्हे, दिवसभराच्या खपावर.

तरी भाडें, पगार, कर कसे भागतात, हा ब्रियातोरे यांचा प्रश्न मी उडवून लावणार नाहीं. नोकराचें वेतन कापून साधलेली स्वस्ताई मला कडूच लागेल. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हलाखींत ‘आज खा, आठ दिवसांनीं पैसे द्या’ अशी पिझ्झाची उधारी नेपल्समध्यें चाले. १९५४ सालच्या ‘नेपल्सचें सोनें’ या चित्रपटांत ती पाहावयास सांपडते. चार युरोंच्या भावामागें मला ती उधारी दिसते.