नाळेतील रक्ताचा हिशेब
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील व्यवस्थापकांच्या भाषणातून)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. प्रसूती विभागाने रक्तवायू तपासणीचे यंत्र मागितले, तेव्हा ती मागणी मी दोनदा परत पाठविली. यंत्र एकदाच घ्यावयाचे, पण कार्ट्रिज सतत लागणार, हा माझा आक्षेप होता.

कळा सुरू असताना बाळाच्या ठोक्यांचा आलेख बिघडला, म्हणजे बाळ गुदमरलेच असे नव्हे. यासाठी बर्लिनचे डॉ. एरिश झालिंग यांनी १९६०च्या दशकारंभी बाळाच्या डोक्याच्या त्वचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासण्याची पद्धत आणली. पीएच ७.२५ वा अधिक असल्यास धीर धरावयाचा, ७.२० वा कमी असल्यास प्रसूती त्वरित करावयाची. मधल्या आकड्याला अर्ध्या तासाने पुन्हा तपासणी. ही पद्धत आता बरीच मागे पडली आहे. आमचा भर जन्मानंतर नाळेतील रक्तावर आहे. नाळेचा तुकडा दोन्ही बाजूंनी चिमटा लावून ठेवल्यास तासभर तरी नमुना विश्वसनीय राहतो. रक्त मात्र धमनीतले हवे, कारण ते बाळाकडून वारेकडे जाते. नीलेतले रक्त वारेची स्थिती सांगते.

गेल्या पावसाळ्यात एक बाळ जन्मताच रडले नाही. काही मिनिटांत ते सावरले, पण वडिलांनी मला कार्यालयात येऊन विचारले, "साहेब, तुमच्याकडून उशीर झाला का?" धमनीतील पीएच ७.०८ होता. आकडा पाहून मीच घाबरलो. डॉक्टरांनी मला माझ्याच भाषेत समजाविले : कार्बन डायऑक्साइड ही हातउसनी रक्कम, बाळाने श्वास घेतला की फिटते, बेस डेफिसिट हे साचलेले कर्ज. येथे कार्बन डायऑक्साइड ८० होता, बेस डेफिसिट अवघा ६. म्हणजे ताण अल्पकाळाचा होता. पीएच ७.०च्या खाली आणि बेस डेफिसिट १२ वा अधिक असता, तर चिंता निराळी होती. अशा बाळाला मेंदूच्या रक्षणासाठी शीतोपचार लागेल का, हे पहिल्या सहा तासांतच ठरवावे लागते. तरीही एकट्या आकड्यावर भवितव्य सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी वडिलांना स्पष्ट सांगितले.

हा कागद वादात आपल्याविरुद्ध वापरला जाईल, अशी शंका एका विश्वस्तांनी काढली होती. खरे सांगावयाचे तर ती माझीही होती. आता आकडा चांगला असो वा वाईट, त्याची प्रत मागण्यापूर्वीच कुटुंबाला दिली जाते. कार्ट्रिजचा खर्च या वर्षीच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखविला आहे. तो मंजूर व्हावा, ही विनंती.