गाडीतला खण

जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आपल्यातल्या काही जणी टेम्पोत भरीत-भाकरी विकतात. म्हणून कायद्याचं नंतर, आधी ओट्याखालच्या खणाचं बोलते. गतिरोधकावर तो उघडतो आणि मिठामसाल्याचे डबे खाली लोळतात.

माझा खण एका बाजूने लोंबायला लागला तेव्हा कारागिराने विचारलं, "घरी कोणी माणूस नाही का? त्याला पाठवा." गाडी माझी, पैसे माझे, समोर उभी मी, पण माणूस काही मी नव्हते! वर तो चार दिवसांनी येणार. चार दिवस धंदा बंद कोणाला परवडतो? मीच खोललं.

आत जादू नसते. दोन्ही बाजूंना एकात एक सरकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, मधे छऱ्यांच्या रांगा. दुकानात याला टेलिस्कोपिक चॅनल म्हणतात. खण पूर्ण ओढला की पट्टीच्या कडेला प्लास्टिकची काळी जीभ दिसते. बहुधा एका बाजूची वर आणि दुसरीची खाली दाबायची, खण हातात येतो. छरे सांडले असतील, पट्टी वाकली असेल तर ठोकत बसू नका, जोडी बदला. पण पुष्कळदा चॅनल शाबूत असतं. पाणी शिरून प्लाय फुगतो आणि स्क्रू सैल होतात. भोकात फेव्हिकॉल लावून बांबूची काडी ठोका, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू पिळा. गोडंतेल मात्र घालू नका, पीठ बसून चिकटा होतो.

नवी जोडी बसवायची तर दर बाजूला अर्धा इंच जागा लागते, म्हणजे खण चौकटीपेक्षा इंचभर अरुंद हवा. पट्ट्या एका उंचीवर. आणि बाहेरून कडी लावाच. घरच्या ट्रॉलीला ती लागत नाही, म्हणून सुताराला सुचत नाही.

आता कायदा. शहरात गाडी लावणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. तिथेही नाव बाईचं आणि बैठकीला नवरा, असं व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा आपल्याकडून कोण उभं राहणार ते आज ठरवू. आणि पेचकस कोणी आणलाय? बाहेर दोन गाड्या उभ्या आहेत, त्यांचे खण चहानंतर बघून घेऊ.