फोटोच्या मागं नाव लिहा
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत काही जण म्हणाले, जमिनीच्या लढाईत फोटोचं काय काम? म्हणून आज आम्ही लांबची, अमेरिकेतल्या आदिवासींची गोष्ट सांगतो. गोरे लोक पश्चिमेला सरकत गेले तशी त्यांची जमीन गेली. त्याच काळात तिथं कॅमेराही आला. त्यामुळं त्यांच्या पुढाऱ्यांचे फोटो आहेत.

१८६८ साली फोर्ट लॅरामी इथं सरकारनं लाकोटा लोकांशी करार केला. ब्लॅक हिल्सचे डोंगर तुमचेच, असं लिहून दिलं. अलेक्झांडर गार्डनर नावाचा फोटोग्राफर तिथं हजर होता, त्यानं बोलणी करणाऱ्यांचे फोटो काढले. पुढं डोंगरात सोनं निघालं आणि १८७७ ला सरकारनं डोंगर घेतले. १९८० साली तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, भरपाई द्या. रक्कम दहा कोटी डॉलरच्या वर होती. लोकांनी ती उचलली नाही, आम्हाला डोंगर पाहिजेत म्हणाले! कोर्टात उपयोगी पडला तो कराराचा कागद, फोटो नाही, हे खरं. पण त्या दिवशी कोण कोण बसलं होतं, हे नातवंडं आज बोट ठेवून सांगू शकतात.

जेरोनिमो हा अपाचे लढवय्या. मार्च १८८६ मध्ये बोलणी चालू होती, तेव्हा फ्लाय नावाच्या माणसानं त्याचे आणि त्याच्या माणसांचे फोटो काढले. हातात बंदुका आहेत, नजर सरळ आहे. त्याच वर्षी तो शरण आला, आणि १९०९ ला मेला तोही कैदीच. १९०४ च्या सेंट लुईसच्या मोठ्या जत्रेत तो स्वतःचेच फोटो सही करून विकत होता. हसू नका. कैद्याकडं विकायला दुसरं काय होतं? क्रेझी हॉर्सचा मात्र खात्रीचा एकही फोटो नाही. एक दाखवतात, पण त्यावर जाणकारांत वाद आहे.

कर्टिस नावाच्या फोटोग्राफरनं एका तंबूत दोन आदिवासींचा फोटो काढला. मधे घड्याळ होतं. पुस्तकात छापताना त्यानं ते पुसून टाकलं. आदिवासी जुनाट दिसला पाहिजे ना! मूळ फोटो कुणी तरी जपला होता, म्हणून ही लबाडी कळली. आपल्याकडंही पाहुणे येतात आणि शर्ट काढून तारपा घेऊन उभं राहा म्हणतात, तेव्हा हे घड्याळ आठवा.

आणि नावं? कित्येक फोटोंखाली नुसतं 'सू सरदार' लिहिलंय. बायकांच्या फोटोखाली तर 'अमक्याची बायको'. आमच्या पाड्यातल्या एका म्हाताऱ्याचा फोटोही असाच एका पेपरात आला होता. जमिनीसाठी दोन वेळा जेलात गेलेला माणूस. खाली छापलं होतं, 'एक आदिवासी वृद्ध'. तो गेला तेव्हा घरात त्याचा एकही फोटो नव्हता. तो पेपरचा कपटाही आता चुलीच्या धुरानं काळा पडलाय.

म्हणून साथींनो, घरात फोटो असेल तर चुलीवरच्या भिंतीला टांगू नका. डिंकानं, चिकटपट्टीनं चिकटवू नका. कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. पावसाळा संपला की बाहेर काढा आणि सावलीत वारा लागू द्या, उन्हात नको. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा: कोण, कुठला पाडा, कोणत्या साली, कशासाठी उभे होते. बायकांची नावं त्यांचीच लिहा. बॉलपेन नको, दाबलं की पुढं उमटतं. कुणी मागितला तर मूळ फोटो देऊ नका, त्यावरून दुसरा काढून घ्या म्हणा.

ज्यांना माणसं ओळखता येतात ते म्हातारे अजून आहेत. पुढच्या बैठकीला त्यांनाही घेऊन या आणि असतील ते फोटो आणा. पेन्सिली आम्ही आणतो.