हात वर करण्याआधी

(फरीदाबाद येथील कार्यकर्ता शिबिरात रेल्वे शाखेच्या चिटणीसांनी केलेले भाषण)



आपण ज्या फरीदाबादेत बसलो आहोत, तिथली एन.आय.टी. वसाहत फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी १९४९ पासून उभी केली. त्यांतल्या बहुतेकांनी पूर्वी कधी थापी हातात धरली नव्हती. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनच्या मदतीने त्यांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या आणि ठेकेदाराऐवजी त्यांनीच हजारो घरे बांधली. पुढे कारभार सरकारी खात्यांकडे गेला आणि सोसायट्या मावळल्या. निर्णय हातातून गेला की सहकारही टिकत नाही, असा धडा आम्ही त्यातून घेतो.

आता आपलेच घर पाहू. आमच्या शाखेत एकदा धरण्याचा ठराव आला. तासभर आम्हीच बोललो. "मंजूर?" विचारताच सगळे हात वर! धरण्याच्या दिवशी मांडवात अकरा माणसे. आम्ही गैरहजरांना नावे ठेवली. पण चूक आमची होती.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. एरवी नकोसे वाटणारे दिल-गुर्दे लोकांनी खावेत म्हणून मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी गृहिणींचे गट केले. काही गटांना भाषण दिले, काहींना आपसात चर्चा करून ठरवू दिले. भाषण ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते घरी शिजवले; चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के.

मग हात वर का होतात? १९५० च्या सुमारास सॉलोमन अ‍ॅश यांनी रेषांची लांबी ओळखण्याचा प्रयोग केला. आधीच पढवलेली माणसे मुद्दाम चूक उत्तर देत. त्यांच्यामागून पाळी येणाऱ्याला खरे दिसत असूनही सुमारे एक तृतीयांश वेळा त्याने चुकीचीच री ओढली. पण आधी एकाने जरी खरे सांगितले, तर त्याला धीर येई. सभेत "नाही" म्हणणारा एकटा माणूस म्हणजे फितूर नव्हे. तो दुसऱ्याचे तोंड उघडतो.

म्हणून आमच्या शाखेत आता चिटणीस शेवटी बोलतो. आधी रात्रपाळीचा ट्रॅकमन, पॉइंट्समन. "जमणार नाही" म्हणणाऱ्याचे कारण वहीत लिहायचे, त्यावर चर्चा करायची, मगच मत घ्यायचे. एकदा ठरले की पाळायचे सर्वांनी. टपाल खात्यातील साथींनीही डाक सेवकापासून सुरुवात करून पाहावी.

आजही आम्हीच बोललो, म्हणजे हिशेब ३ टक्क्यांचाच! म्हणून इथेच थांबतो. आता मागच्या रांगेपासून बोला.

कामगार एकजुटीचा विजय असो!