चिमुकल्या शब्दांची किंमत



इंग्रजी व्याकरणावर बोलावयास खरे म्हणजे एखादा प्राध्यापक हवा होता. माझे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि कामगारांना आलेल्या नोटिशींवर पोसलेले. पण या भाषेतील चिमुकल्या शब्दांची किंमत मला मोजावी लागली आहे, म्हणून उभा राहिलो.

आपण ‘पुष्कळ माणसे’ म्हणतो आणि ‘पुष्कळ पाणी’ही म्हणतो. इंग्रजीत मोजण्याजोग्या माणसांना ‘मेनी’ आणि मापण्याजोग्या पाण्याला ‘मच’. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ कोणी नाहीच. त्याच्या अगोदर नुसता ‘अ’ लावा, की थोडे का होईना, आहेत! हे पाठ करून येते. खरी अडचण ‘द’ची. मराठीत त्याला जोडीदार नाही. ‘कामगार’ म्हटले, की सगळे की ठरावीक, हे आपण संदर्भावरून ताडतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात करार झाला. मसुदा इंग्रजीत होता. ‘द कॅज्युअल वर्कर्स’ कायम होतील, असे कलम. फाटकावरील सभेत मी मोठ्या आवाजात सांगितले, ‘हंगामी कामगार कायम होतील!’ टाळ्या पडल्या. तो ‘द’ शेवटच्या पानावरील यादीकडे बोट दाखवीत होता, हे मागाहून कळले. यादीबाहेरची माणसे माझ्या दारी आली. मालकाने फसविले म्हणावे, तर करारावर सही माझीही होती.

‘एनी’चेही तसेच. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘एनी पर्सन’च्या, म्हणजे कोणत्याही व्यक्तीच्या, नोकरीविषयीचा तंटा असे शब्द होते. आसामातील डिमाकुची चहामळ्याचे कामगार कामावरून काढलेल्या डॉक्टरसाठी भांडले. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले, की ‘कोणतीही’ म्हणजे वाटेल ती व्यक्ती नव्हे; तिच्या नोकरीत कामगारांचे हित गुंतलेले हवे. डॉक्टर कायद्याच्या व्याख्येतला कामगार नव्हता. दावा फसला. एका न्यायमूर्तींनी मात्र भिन्न मत नोंदविले. न्यायासनावरही जेथे एकमत होत नाही, तेथे आपण गाफील राहून कसे चालेल?

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे. सही करण्यापूर्वी प्रत्येक नामापाशी थांबा आणि विचारा : कोणते? किती? सगळे, की यादीतले? उत्तर मराठीत लिहून घ्या, आणि मगच फाटकावर जा.