संचालक मंडळे आणि परक्यांची युद्धे



वसंतातल्या संध्याकाळी साहित्य, संगीत किंवा इतिहास यांवर चार गोष्टी ऐकाव्यात, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. तेथे कंपन्यांच्या संचालक मंडळांचा विषय काढणे म्हणजे लग्नघरात जमाखर्चाची वही उघडण्यासारखे आहे. तरीही मी तो घेतला आहे. कारण आपण ज्या टापूत राहतो, त्याला हा विषय मुळीच परका नाही.

कर्नाळ्याचा सुळका आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला असेल. हल्ली लोक तेथे पाखरे पाहायला जातात. परंतु हा किल्ला राखणाऱ्यांचे लक्ष पाखरांकडे नव्हते. बोरघाट उतरून आलेला माल पनवेल आणि आपटा येथील पेठांकडे ज्या वाटेने जाई, त्या वाटेवर नजर ठेवणे हे त्यांचे काम. व्यापार आणि संरक्षण ही दोन खाती तेव्हा एकाच डोंगरावर नांदत होती. पुढे आपण त्यांची वाटणी केली. संरक्षण सरकारने पाहावे आणि व्यापार व्यापाऱ्याने, असे मानू लागलो. ही वाटणी आता टिकत नाही, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पुरावा शोधायला लांब जायला नको. आपल्या शेजारी न्हावा-शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तेथील ‘गेटवे टर्मिनल्स’ हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील कंपनीने आपल्या सरकारी कंटेनर कॉर्पोरेशनच्या भागीदारीत उभारले. २७ जून २०१७ रोजी मर्स्कचे संगणक जगभर पटापट बंद पडत गेले आणि त्या तडाख्यात हे टर्मिनलही सापडले. क्रेन शाबूत होत्या, माणसे कामावर होती. पण कोणता कंटेनर कोणाचा, हे सांगणारे यंत्रच मुके झाले. जे काम क्षणात होई, ते हाताने करण्याची वेळ आली.

आग लागली होती कोठे? युक्रेनमध्ये. त्या देशात हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका संगणक-प्रणालीतून ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू सोडण्यात आला. मर्स्कच्या तेथील कार्यालयातही ती प्रणाली होती. तेवढी फट पुरली. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी या कृत्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. रशियाने तो नाकारला. दोन देशांच्या वैराची ठिणगी अशी उरणच्या किनाऱ्यावर येऊन पडली. ज्यांचा माल अडकला, त्यांतल्या कोणाचेही त्या वैराशी देणेघेणे नव्हते.

मर्स्कला सुमारे २५ ते ३० कोटी डॉलरांचा फटका बसला. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. हे शक्य कसे झाले? साऱ्या जाळ्याची किल्ली ठरावी अशी एक यंत्रणा घानामध्ये वाचली होती. का वाचली? त्या वेळी तेथील वीज गेली होती, म्हणून! विजेच्या लपंडावाने जगातल्या एका मोठ्या कंपनीची लाज राखली. दैव असे कधी धावून येते. परंतु दैवाला संचालक मंडळात खुर्ची देता येत नाही.

मग संचालकांनी करावे काय? काहीजण विचारतात, ‘त्यांनी आता परराष्ट्रनीतीही शिकायची काय?’ मुळीच नाही. युद्ध केव्हा होईल, हे मोठमोठ्या मुत्सद्द्यांनाही सांगता येत नाही. संचालकांनी आपले घर ओळखावे, एवढे पुरे.

पहिला प्रश्न हा, की आपला धंदा कोणत्या एका धाग्यावर लोंबतो आहे? एकच पुरवठादार, एकच प्रणाली, की एकच सागरी वाट? नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हूथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपकडे जाणारी अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. लोखंड पंधरा दिवस थांबेल; नाशिकच्या द्राक्षांना ते कसे जमावे?

दुसरा प्रश्न : तो धागा तुटला तर हाताने किती दिवस काम चालेल, आणि त्याची तालीम कोणी केली आहे काय? तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण मुलांना शिकवतो. मोठ्यांनाही ते सांगावे लागते.

तिसरा प्रश्न विम्याचा. त्याच विषाणूने मर्क या अमेरिकन औषध कंपनीचे सुमारे १४० कोटी डॉलरांचे नुकसान केले. विमा कंपन्या म्हणाल्या, ‘हे युद्धकृत्य आहे, पैसे मिळणार नाहीत.’ न्यू जर्सीच्या न्यायालयांनी मर्कच्या बाजूने कौल दिला, पण त्यात वर्षे गेली. नंतर लॉइड्सच्या विमा बाजाराने राज्यपुरस्कृत संगणक-हल्ल्यांचे नुकसान संगणक-हल्ल्यांसाठीच्या स्वतंत्र पॉलिसींतूनही वगळण्याचा नियम २०२३ पासून लागू केला. म्हणून पॉलिसीतील बारीक अक्षरे संकटाआधी वाचावीत.

आणि चौथा प्रश्न सर्वांत अवघड : प्रसंग आला तर सोडायचे काय आणि राखायचे काय? १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले. दिलेल्यांत आपला कर्नाळाही होता. १६७० मध्ये तो परत घेतला. सगळेच धरून ठेवण्याच्या हट्टाने सगळेच जाते. हा निवाडा संगणक विभागाच्या कारकुनाने करायचा नसतो. तो धन्यानेच करायचा असतो.

कायदाही आता हेच सांगतो. सेबीच्या नियमांप्रमाणे पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना जोखीम व्यवस्थापन समिती नेमावी लागते. संगणक-सुरक्षा आणि संकटातही काम चालू ठेवण्याची योजना तिच्या कक्षेत येतात. परंतु समिती नेमणे आणि समितीने जागे असणे, यांत अंतर आहे.

‘हे सारे खर्चाचे आहे,’ असा आक्षेप येईल. तो खरा आहे. दुसरा पुरवठादार महाग पडतो, तालमीत दिवस मोडतो आणि लाभांश थोडा घटतो. पण पहारेकऱ्याचा पगार चोरी झाली नाही म्हणून वाया गेला, असे कोणी म्हणत नाही. मात्र एक सावधगिरी हवी. राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेऊन भागधारकांचे प्रश्न दडपणे, किंवा एखाद्या कामगाराकडे त्याच्या गावावरून वा धर्मावरून संशयाने पाहणे, ही सुरक्षा नव्हे. ती नव्या भेगा पाडते.

या सभागृहात भागधारक असतील, पतसंस्थांचे आणि सहकारी कारखान्यांचे संचालकही असतील. वार्षिक सभेत आपण लाभांश किती, एवढे विचारून चहाकडे वळतो. यंदा आणखी एक प्रश्न विचारावा : ‘उद्या सकाळी आपले संगणक उघडलेच नाहीत, तर दुपारपर्यंत आपण काय करणार?’ उत्तर चटकन मिळाले, तर समाधानाने चहा घ्यावा. संचालक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, तर मात्र खाली बसू नये.